वाचक विचारतात: चिलीम हवेत फेकणारा घोडदळाचा सेनापती

गेल्या अंकात एका वाचकाने युरोपातल्या सात वर्षांच्या युद्धाबद्दल (१७५६ ते १७६३) विचारलं होतं, आणि त्या उत्तरात मी प्रशियाचा (उत्तर जर्मनीतलं तेव्हाचं एक राज्य) राजा फ्रेडरिक याच्या घोडदळाचा एक सेनापती, झाइडलिट्स, याचं नाव जेमतेम एका ओळीत घेतलं होतं. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की यावेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. मला तर बरंच वाटलं, कारण हा माणूस माझ्या फार आवडीचा आहे आणि त्याच्याबद्दल जे सगळीकडे सांगितलं जातं, बेफाम घोडेस्वार, जिवावर उदार वगैरे, ते अर्धंच आहे असं मला कित्येक वर्षं वाटत आलंय. बाकीचं अर्धं सांगायची संधी तुम्ही दिलीत.

प्रश्न (म्हापसा): आमच्या आजोबांचं बाजारात औषधांचं दुकान होतं. तिथे एका जुन्या डब्यावर ‘सेडलिट्झ पावडर’ लिहिलेलं मला चांगलं आठवतं. ते याच सेनापतीचं नाव का?

नाही. नावं कानाला सारखी लागतात एवढंच. त्या पावडरीचं नाव बोहेमियातल्या, म्हणजे आताच्या चेक देशातल्या, सेडलिट्झ नावाच्या गावावरून आलंय, तिथल्या झऱ्याचं पाणी पोट साफ करायला प्रसिद्ध होतं. तुम्ही पुड्या उघडून बघितल्या असतील तर आठवेल, एक निळ्या कागदात आणि एक पांढऱ्या कागदात असायची, निळ्यात खायचा सोडा आणि रोशेल सॉल्ट, पांढऱ्यात टार्टारिक अ‍ॅसिड, दोन्ही पाण्यात एकत्र केलं की फसफसून वर यायचं आणि ते फसफसत असतानाच घटाघटा प्यायचं. जुन्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ती चव अजून आठवते. सेनापतीचं घराणं मात्र सायलेशियातलं (हा प्रांत आज बहुतेक पोलंडमध्ये आहे), सरदारांचं, आणि जर्मन लोक त्याचं नाव ‘झाइडलिट्स’च्या जवळपास उच्चारतात म्हणून मीही तसंच लिहितोय. पूर्ण नाव फ्रीडरिश विल्हेल्म फॉन झाइडलिट्स.

प्रश्न (फोंडा, कॉलेज विद्यार्थिनी): सर, तो इतका मोठा कसा झाला? त्याचे वडील मोठे सरदार होते का? मला प्रोजेक्टसाठी पाहिजे, थोडं सविस्तर सांगा.

वडील घोडदळातच अधिकारी होते पण मोठे वगैरे नाही. झाइडलिट्सचा जन्म ३ फेब्रुवारी १७२१ चा, ऱ्हाइन नदीजवळच्या काल्कार गावात, आणि तो सात वर्षांचा असताना, १७२८ मध्ये, वडील गेले. आईने ओढाताणीत मुलं वाढवली. तेरा-चौदा वर्षांचा झाल्यावर त्याला श्वेट नावाच्या गावी तिथल्या मार्ग्रेवच्या, म्हणजे राजघराण्यातल्या एका जहागीरदाराच्या, दरबारी ठेवलं. हा मार्ग्रेव म्हणजे भलताच तऱ्हेवाईक माणूस, त्याच्या अंगात इतकी मस्ती की पोरांना रानटी घोड्यांवर बसवायचं आणि काय होतं ते बघायचं. पवनचक्की फिरत असताना तिच्या दोन पात्यांच्या मधून घोडा भरधाव काढायचा, ही झाइडलिट्सची प्रसिद्ध गोष्ट याच दिवसांतली. प्रोजेक्टमध्ये ही गोष्ट घाल, पण ती सांगोवांगी चालत आलेली आहे हेही लिही.

१७४० मध्ये तो मार्ग्रेवच्याच चिलखती घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये कॉर्नेट, म्हणजे सगळ्यात खालचा अधिकारी, म्हणून लागला. त्याच वर्षी फ्रेडरिक गादीवर आला आणि डिसेंबरात ऑस्ट्रियाच्या सायलेशियावर चालून गेला. आता इथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण तिच्याशिवाय झाइडलिट्सचं महत्त्व कळत नाही. फ्रेडरिकच्या बापाने पायदळ अफाट तयार केलं होतं पण घोडदळाकडे लक्षच दिलं नव्हतं, धिप्पाड माणसं, धिप्पाड घोडी, आणि शिकवण काय तर जागेवर उभं राहून गोळीबार करा. १० एप्रिल १७४१ ला मोलविट्सच्या लढाईत ऑस्ट्रियन घोडदळाने त्यांची दाणादाण उडवली, इतकी की खुद्द राजाला रणांगण सोडून निघून जावं लागलं, आणि लढाई मागे पायदळाने जिंकली. राजाने ती गोष्ट आयुष्यभर मनात ठेवली. म्हणजे झाइडलिट्स ज्या घोडदळात शिरला ते त्या काळी युरोपातलं एक कमकुवत घोडदळ होतं, आणि पंधरा-सोळा वर्षांत तेच सगळ्यात जबरदस्त झालं. हे एकट्याचं काम नाही, राजाचं आहे, हुस्सारांच्या, म्हणजे हलक्या घोडदळाच्या, त्सीटन नावाच्या म्हाताऱ्या सेनापतीचंही आहे, पण झाइडलिट्सचा वाटा फार मोठा.

पुढचं भराभर सांगतो. १७४२ मध्ये एक गाव राखताना मूठभर माणसांनिशी लढून तो ऑस्ट्रियनांच्या हाती सापडला, कैद्यांच्या अदलाबदलीत सुटून आला, आणि राजाने त्याला हुस्सारांच्या एका स्क्वाड्रनचा, म्हणजे शंभरेक स्वारांच्या तुकडीचा, कॅप्टन केलं. ४ जून १७४५ ला होहेनफ्रीडबर्गच्या लढाईत त्याने शत्रूचा एक जनरल पकडला आणि चोविसाव्या वर्षी मेजर झाला. मग आली दहा-अकरा वर्षांची शांतता, आणि माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा काळ हाच, त्यात एकही लढाई नाही तरीसुद्धा. १७५३ पासून एक चिलखती रेजिमेंट त्याच्या ताब्यात होती, ठाणं ओलाऊ नावाच्या लहानशा गावात (आज पोलंडमध्ये, ओलावा म्हणतात). तिथे त्याने रोजच्या रोज माणसं आणि घोडी घडवली. गुडघ्याला गुडघा लावून आख्खी रांग भरधाव सोडायची, पिस्तुलाला हात लावायचा नाही, फक्त तलवार, आणि मैदान सपाट असो की खाचखळग्यांचं, रांग तुटता कामा नये.

युद्ध ऑगस्ट १७५६ मध्ये पेटलं. तू फोंड्याची आहेस म्हणून सांगतो, त्याच्या दोनच महिने आधी, जूनमध्ये, तुमच्या मर्दनगडावर चाल करून आलेला पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्वाचा काउंट तिथेच मारला गेला होता. आणि १७६३ मध्ये तिकडे युद्ध संपलं त्याच वर्षी इकडे फोंडा पोर्तुगीजांच्या हातात गेला. प्रोजेक्टमध्ये टाइमलाइन काढलीस तर दोन रांगा काढ, वर युरोप आणि खाली गोवा, खूप छान दिसेल.

१८ जून १७५७ ला कोलिनला फ्रेडरिकचा पहिला मोठा पराभव झाला, पण त्या पडझडीत झाइडलिट्सने आपल्या घोडेस्वारांनिशी इतकं चांगलं काम केलं की दोन दिवसांत तो मेजर जनरल झाला. अभिनंदन करणाऱ्या त्सीटनला तो म्हणाला म्हणे, माझ्याकडून अजून काही करून घ्यायचं असेल तर वेळ झालीच होती, मी छत्तीस वर्षांचा झालो! आणि साडेचार महिन्यांत रॉसबाख आलं, त्याबद्दल खाली लिहिलंय ते वाच.

प्रश्न (मडगाव, निवृत्त इतिहास शिक्षक): हल्ल्याची खूण म्हणून त्याने तोंडातला पाइप हवेत फेकला आणि राजाचा हुकूम धुडकावला असं आम्ही मुलांना सांगत आलो. यात खरं किती? आणि हुकूम मोडणाऱ्याला फ्रेडरिकसारख्या राजाने ठेवला कसा?

सर, तुम्ही दोन वेगळ्या लढायांचं एकत्र विचारलंय, म्हणून एकेक घेतो. पाइप म्हणजे मातीचा, आपण चिलीमच म्हणू, आणि ती गोष्ट रॉसबाखची.

५ नोव्हेंबर १७५७. रॉसबाख हे लाइपझिगच्या पश्चिमेला एक खेडं. फ्रेडरिककडे साधारण २२ हजार माणसं, समोर फ्रेंच आणि जर्मन साम्राज्याचं संयुक्त सैन्य ४१ हजारांच्या घरात. त्यांनी ठरवलं की प्रशियनांच्या डाव्या बगलेला लांबून वळसा घालून मागे जायचं, आणि लांबच लांब रांगा करून ते निघाले. राजा दुपारचं जेवत होता, छपरावर चढून नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने खबर दिली तेव्हा आधी त्याचा विश्वासच बसला नाही, पण खात्री पटल्यावर काही मिनिटांत तंबू खाली आले आणि सगळं सैन्य हललं. समोरच्यांना वाटलं हे पळाले, म्हणून ते आणखी घाईने निघाले. मध्ये यानुस नावाची एक बुटकी टेकडी होती, तिच्या आडून ३८ स्क्वाड्रन, म्हणजे चारेक हजार घोडेस्वार, त्यांच्या पुढच्या तोंडाकडे सरकत होते आणि खालून कुणाला काही दिसत नव्हतं.

या ३८ स्क्वाड्रनांवर राजाने झाइडलिट्सला नेमलं, आणि तिथे त्याच्यापेक्षा ज्येष्ठ असे दोन जनरल हजर होते. त्यांना तो म्हणाला, मंडळी, मी राजाचं ऐकतो आणि तुम्ही माझं ऐकायचं. टेकडीच्या माथ्यावर आल्यावर चिलीम वर भिरकावली आणि सगळे सुटले, असं सांगतात. चिलमीवर शपथ घ्यायला मी तयार नाही पण गोष्ट त्याला शोभते. समोरचं घोडदळ अजून रांग बदलून तोंड वळवायच्या आत हे अंगावर आले, थोडी झटापट झाली आणि ते फुटलं.

आता सर, मुलांना सांगताना इथे थांबा असं मी म्हणेन, कारण सगळे जण चिलमीवर थांबतात आणि खरी करामत पुढे आहे. त्या काळात घोडदळ एकदा सुटलं की ते परत हाताला लागायचं नाही, पळणाऱ्यांच्या मागे मैलोगणती जायचं, शत्रूचं सामान लुटायचं, आणि संध्याकाळी कधीतरी दमल्या घोड्यांनी परत यायचं, तोवर लढाईचा निकाल लागून गेलेला. झाइडलिट्सने पाठलाग केलाच नाही. तुताऱ्या वाजवून त्याने सगळ्यांना परत बोलावलं, टागेवेर्बेन गावाजवळच्या एका सखल जागेत त्यांच्या रांगा पुन्हा लावल्या, घोड्यांना दम घेऊ दिला, आणि वाट बघत राहिला. चार हजार माणसं, रक्त तापलेलं, समोर पळणारा शत्रू, आणि हा म्हणतो थांबा. तिकडे टेकडीवरच्या तोफा आणि राजाचा भाऊ प्रिन्स हेन्रीच्या हाताखालच्या सात बटालियन समोरच्या पायदळाला भाजून काढत होत्या, ते पायदळ डगमगायला लागलं त्या घडीला याने दुसरा हल्ला बगलेत घातला. खेळ खलास. खरी लढाई दीडेक तासाची. प्रशियाचे मेलेले-जखमी मिळून साडेपाचशेच्या आसपास, समोरच्यांचे मेलेले, जखमी आणि कैदी धरून दहा हजारांच्या आसपास. झाइडलिट्स जखमी झाला, त्याच महिन्यात लेफ्टनंट जनरल झाला आणि ब्लॅक ईगल हा प्रशियाचा सर्वोच्च सन्मान त्याला मिळाला.

हुकमाची गोष्ट पुढच्या वर्षीची, २५ ऑगस्ट १७५८, झोर्नडोर्फ (आज पोलंडमधलं सार्बिनोवो), समोर रशियन. प्रशियाच्या पायदळाची डावी बाजू कोसळत होती, राजा निरोपावर निरोप पाठवत होता की घोडदळ घाल, आणि झाइडलिट्स हलत नव्हता, कारण त्याच्या आणि रशियनांच्या मध्ये एक दलदलीचा ओहोळ होता आणि तो ओलांडायला नीट वाटा शोधल्या नसत्या तर अर्धे तिथेच रुतले असते. शेवटचा निरोप आला की आता हलला नाहीस तर डोकं जाईल. त्यावरचं उत्तर तुम्ही वर्गात सांगत असालच: लढाई संपली की माझं डोकं राजाचं, तोवर ते मला त्याच्याच कामाला वापरू द्यावं. शब्द नेमके हेच होते का यावर वाद घालता येईल, पण तो थांबला हे नक्की, आणि वाटा बघून, तीन बाजूंनी ओहोळ ओलांडून त्याने जो हल्ला केला त्याने पायदळ वाचलं हेही नक्की. दुपारी दुसऱ्या बाजूला प्रशियनांची फळी फुटली तेव्हा त्याने तीच माणसं पुन्हा गोळा करून तिकडेही घातली. त्या दिवशी प्रशियाचा जवळजवळ तिसरा हिस्सा माणूस पडला, रशियनांचा त्याहून जास्त, आणि लढाई निकाली झालीच नाही म्हटलं तरी चालेल. पण याच्याशिवाय आपली धडगत नव्हती हे राजाने स्वतः मान्य केलं.

म्हणजे ठेवला कसा याचं उत्तर असं की राजाला माहीत होतं, हा नाही म्हणतो ते जीव राखायला नव्हे. आणि जिथे राजाने ऐकलं नाही तिथे काय झालं तेही बघा. १२ ऑगस्ट १७५९, कुनर्सडोर्फ. तळ्यांच्या आणि खंदकांच्या अडचणीच्या जागेत घोडदळ वेळेआधी घालायचा हट्ट राजाने धरला, झाइडलिट्सचा हात गोळ्याने फुटला, त्याला मागे न्यावं लागलं आणि प्रशियाचे अठरा-एकोणीस हजार लोक कामी आले किंवा जायबंदी झाले. मुलांना झोर्नडोर्फ आणि कुनर्सडोर्फ एकाच तासाला शिकवा सर, जोडीने.

प्रश्न (पर्वरी): माझी मुलगी घोडेस्वारी शिकते. नेटवर वाचलं की याच्या रेजिमेंटमध्ये सरावातच शिपाई मान मोडून मरायचे. अशा माणसाचं कौतुक कशाला करायचं?

ताई, तुमचा राग बरोबर आहे. सरावात माणसं पडायची आणि काही दगावायची हे खरंय. राजाने याबद्दल विचारलं तेव्हा याने उत्तर दिलं म्हणे की थोड्या मोडलेल्या मानांचा एवढा बाऊ कराल तर लढाईला हवे तसे धाडसी स्वार तुम्हाला मिळणार नाहीत. हे वाक्य मला आजही टोचतं, आणि कोणत्याही प्रशिक्षकाने ते आज उच्चारू नये. एवढंच सांगतो की जे तो शिपायांकडून करून घ्यायचा ते आधी स्वतः करून दाखवायचा, आणि त्याच्या हाताखालचे लोक त्याच्यावर जीव टाकायचे ते त्यामुळेच. तुमच्या मुलीच्या डोक्यावर हेल्मेट आणि शेजारी लक्ष ठेवणारा माणूस असू दे, पडायची वेळ सगळ्यांवर येते.

प्रश्न (वास्को, निवृत्त जहाज कर्मचारी): याच नावाचं जर्मन लढाऊ जहाज होतं ना?

होतं. ‘झाइडलिट्स’ ही बॅटलक्रूझर १९१३ मध्ये जर्मन नौदलात आली. ३१ मे १९१६ च्या जटलंडच्या लढाईत ती इतकी फुटली होती की पुढचा भाग पाण्याखाली जायला लागला, तरी खलाशांनी कशीबशी बंदराला लावली. २१ जून १९१९ ला स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लो बंदरात जर्मनांनीच आपलं आख्खं आरमार बुडवलं त्यात ती गेली, नंतर वर काढून भंगारात निघाली.

प्रश्न (म्हापसा, वरच्याच वाचकांचा दुसरा मेसेज): त्याचा शेवट कसा झाला? लढाईतच ना?

नाही, अंथरुणावर. कुनर्सडोर्फच्या जखमेनंतर बराच काळ तो बर्लिनमध्ये होता, १७६० मध्ये लग्न झालं, दोन मुली झाल्या, पण संसार काही सुखाचा झाला नाही. २९ ऑक्टोबर १७६२ ला फ्रायबर्गला, म्हणजे युद्धाच्या शेवटच्या मोठ्या लढाईत, प्रिन्स हेन्रीच्या हाताखाली त्याने घोडदळाबरोबर पायदळही पुढे नेलं. शांतता झाल्यावर राजाने त्याला सायलेशियातल्या सगळ्या घोडदळाचा इन्स्पेक्टर नेमलं, १७६७ मध्ये तो घोडदळाचा जनरल झाला, लांबलांबचे तरुण अधिकारी शिकायला त्याच्याकडे येऊ लागले. पण तरुणपणीच जडलेल्या गुप्तरोगाने शरीर पोखरलं होतं, १७७२ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, आणि ज्याच्या हातात चार हजार घोडी एका इशाऱ्यावर थांबायची त्याला स्वतःचं अंग आवरेना. राजा त्याला बघायला ओलाऊला गेला होता. ८ नोव्हेंबर १७७३ ला तो गेला, वय बावन्न. रॉसबाखला सोळा वर्षं होऊन तीन दिवस झाले होते. बर्लिनला कधी गेलात तर उंटर डेन लिंडेन रस्त्यावर फ्रेडरिकचा मोठा अश्वारूढ पुतळा आहे, त्याच्या चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर चार घोडेस्वार आहेत, त्यातला एक हा.

प्रश्न (सत्तरी): आम्ही शिगम्याला घोडेमोडणी खेळतो, आमच्या घरात तीन पिढ्यांपासून. आमचं मराठ्यांचं घोडदळ आणि हे जर्मन घोडदळ यात फरक काय होता? आमचे कमी होते का? देव बरें करूं.

कमी अजिबात नव्हते, वेगळे होते. मराठ्यांचं घोडदळ म्हणजे हलकं घोडं, थोडं सामान, दिवसात लांबची मजल, शत्रूची रसद तोडायची, दमवायचं, आणि अंगावर आला की बाजूला व्हायचं. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा आणि शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा. आता शिलेदाराचा विचार करा, घोडा मेला तर त्याचं पोट गेलं, तो माणूस तोफांच्या तोंडावर रांगेत घोडा का घालेल? प्रशियाचा स्वार बारगिरासारखा, घोडा रेजिमेंटचा, म्हणून त्याला गुडघ्याला गुडघा लावून भिंतीसारखं फेकता यायचं. पण त्याच स्वाराला सह्याद्रीच्या घाटात मराठ्यांच्या मागे सोडलं असतं तर आठवड्यात घोडी लंगडी झाली असती.

मात्र एक गोष्ट मनाला लागते ती सांगतो. झाइडलिट्स जखमेतून सावरत होता त्याच दिवसांत, १४ जानेवारी १७६१ ला, संक्रांतीच्या सुमाराला, पानिपत झालं. दुपारपर्यंत आपल्या लोकांनी अब्दालीची फळी मागे रेटली होती, माणसं उपाशी, घोडी उपाशी, आणि तेव्हा अब्दालीने हातचं राखून ठेवलेलं ताजं घोडदळ सोडलं. आपल्याकडे त्या घडीला राखून ठेवलेलं काही उरलंच नव्हतं. रॉसबाखच्या त्या सखल जागेत रांगा लावून उभे केलेले ३८ स्क्वाड्रन वाचताना मला दर वेळी पानिपतची ती दुपार आठवते.

तुमची घोडेमोडणी मी डिचोलीला दोनदा बघितलीय. कमरेला लाकडी घोडा, त्यावर रंगीत कापड, डोक्यावर मुकुट, एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार, पायात घुंगरू, आणि ढोल-ताशा-कासाळ्याच्या तालावर ती रांग पुढे येते, मग तशीच मागे जाते, पाठ न दाखवता. दोन्ही वेळा माझं लक्ष त्या मागे जाण्याकडेच होतं. आता तुम्हाला माझा प्रश्न: मागे वळायची वेळ ढोलाच्या कुठल्या ठोक्यावर कळते, की पुढचा घोडा काही खूण करतो? तुमच्या घरातल्या थोरल्यांना विचारून लिहा, पुढच्या अंकात छापू.